धून ओळखू आली

टोळीदादाचं बिंग फुटलं तेव्हा खारूची आई मेणात दात बसवत होती. कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये ती कामाला होती. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा निघायचा, आणि त्या साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवून तिच्यात एकेक दात रोवायचा, हे तिचं काम. हात जरा हलला की दात तिरका, आणि दात तिरका की कुठलेतरी आजोबा जेवताना गाल चावून घेणार. म्हणून काम करताना ती सहसा बोलत नसे.

"गेला! टोळीदादा कामातून गेला!" पलीकडच्या टेबलावरून प्लास्टरवाला ओरडला. त्याने प्लास्टरने माखलेल्या बोटांनीच फोन धरला होता. "लहान पोरींना मेसेज करायचा म्हणे. घाणेरडे. दुसऱ्या एका स्ट्रीमरने सगळे बाहेर काढलेत."

तिच्या हातातला दात मेणात तिरकाच राहिला.

टोळीदादाला ओळखत नाही असं घर त्या दिवसांत सापडलं नसतं, निदान ज्या घरात पोरं होती तिथे तरी. तिशी ओलांडलेला माणूस, उलटी टोपी घालून मोबाइलवर गेम खेळायचा आणि खेळता खेळता लाइव्ह बडबडायचा. पोरं लाखांनी बघायची. ती त्याला दादा म्हणायची आणि स्वतःला त्याची टोळी. तोही प्रत्येकाला नावाने हाक मारायचा, कुणाला दात पडल्याबद्दल चिडवायचा, कुणाला अभ्यास केलास का म्हणून दटावायचा. आयांना वाटायचं, बरंय, शिव्या तरी देत नाही.

पॉलिशवाल्या काकूंनी चाक बंद केलं आणि हात पुसत त्या फोनवर वाकल्या. थोडं वाचून त्यांनी तोंड वाकडं केलं. "शी, शी! मेल्याला भर चौकात उभा केला पाहिजे." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण मी म्हणते, या पोरींचे आईबाप काय करत होते? झोपा काढत होते?"

"आईबाप रील बघत होते, काकू," प्लास्टरवाला म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. त्याला स्वतःला दोन मुली होत्या.

खारूची आई उठून मोरीपाशी गेली. नळ सोडला आणि नुसतीच उभी राहिली.

ती झोपा काढत नव्हती. मागच्या परीक्षा संपल्या तेव्हा खारू स्वतःच फोन घेऊन तिच्याकडे आली होती. लेकीला बारावं लागलेलं. लहान असताना घास दोन्ही गालांत साठवून ठेवायची, म्हणून मामाने तिचं नाव खारूताई ठेवलं होतं आणि तेच घरभर झालं होतं. ॲपवरही तिने तेच नाव घेतलं होतं. "आई, हे बघ ना," ती म्हणाली होती. "दादा असं का लिहितो?"

आधीचे मेसेज गेमबद्दल होते. मग 'आज उदास आहेस का गं?' मग, 'खोलीचं दार लावून घे आणि कॅमेरा चालू कर. फक्त माझ्यासाठी. आईला सांगू नकोस हं, आया समजून घेत नाहीत.'

"तू तर समजून घेतेस," खारू म्हणाली होती.

 आईने सगळ्या मेसेजचे फोटो काढून ठेवले, त्या माणसाला ब्लॉक केलं आणि ॲपच्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं ते असं: 'आपल्या तक्रारीबद्दल आभार. आम्ही हा मजकूर तपासला असून त्यात आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलेलं नाही. हा मजकूर पाहायचा नसल्यास आपण संबंधित व्यक्तीला ब्लॉक करू शकता.' तिला वाटलं, काहीतरी चुकलंय, कुणी नीट वाचलेलं दिसत नाही. तिने पुन्हा तक्रार केली, या वेळी सविस्तर, मुलीचं वय लिहून. पुन्हा तेच उत्तर. त्यात स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता. पोलीस चौकीत गेली, तर तिथला माणूस म्हणाला, "ब्लॉक केलंत ना? मग झालं. पोरीच्या हातात फोन देता कशाला?" शेवटी तिने ॲपच काढून टाकलं आणि मनाची समजूत घातली की आपली लेक वाचली, विषय संपला.

विषय आता सुरू होत होता.

*

दुसऱ्या दिवसापर्यंत पोलिसांनी टोळीदादाला उचललं आणि सगळं जग त्याच्यावर तुटून पडलं. त्याला फाशी द्या म्हणणारे होते, दादा असं करूच शकत नाही, हा कट आहे म्हणून गळे काढणारे होते. त्याचं वेळेवर लग्न झालं असतं तर ही वेळ आली नसती, असा शोध लावणारेही होते. 'हल्लीच्या मुलीही काही कमी नसतात' असं एकाने लिहिलं होतं आणि त्याखाली लोकांनी अंगठ्यांचा खच पाडला होता. खारूच्या आईने डब्याच्या सुट्टीत हे सगळं वाचलं. वाचू नये हे कळत होतं, तरी अंगठा थांबत नव्हता. नासलेल्या अन्नाचा वास पुन्हा पुन्हा घेऊन बघावा, तसं ते होतं. मधूनमधून शाळेच्या दप्तरांच्या जाहिराती येत होत्या. आणि सगळ्यात खाली ॲपने आपणहून टोळीदादाचेच जुने व्हिडिओ मांडून ठेवले होते: 'आपल्याला हेही आवडेल.'

तिने डबा न उघडताच पिशवीत ठेवला.

त्या जुन्या व्हिडिओंतूनच कुणीतरी ती क्लिप शोधून काढली. टोळीदादा कधीकधी पोरांना लाइव्हमध्ये फोन करायला लावायचा, कला दाखवा म्हणायचा. मेसेजच्या भानगडीच्या आधी एकदा खारूनेही फोन केला होता. मागे मामाची धून लावून ती त्यावर गुणगुणली होती. मामा जाहिरातींना संगीत द्यायचा, आणि ती धून त्याने मुद्दाम भाचीसाठी पेटीवर बांधली होती. चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज. गाणं संपलं, मागे धून वाजतच होती, तेव्हा दादा म्हणाला, "वा, खारूताई! एकटी असतेस का गं घरी?" आणि खारू हसली. काय बोलावं हे न सुचल्यावर मुलं हसतात, तशी.

एवढीच ती क्लिप. पण आता त्या एका प्रश्नाला अर्थ आला होता आणि लोकांना तो चघळायला मिळाला होता. कुणी लाल गोल काढून 'हा बघा पुरावा' म्हणून टाकली. कुणी आवाज संथ करून, कुणी खाली रडका वाद्यमेळ घालून. मग थट्टा करणारे आले. 'एकटी असतेस का गं घरी?' हे वाक्य मांजरीच्या, म्हाताऱ्यांच्या, मंत्र्यांच्या तोंडी बसवलं गेलं, आणि प्रत्येकाच्या शेवटी खारूचं ते हसणं चिकटवलेलं. ज्यांना टोळीदादाची किळस येत होती, तेही ते एकमेकांना पाठवत होते. किळस आली म्हणूनच पाठवतो, असं म्हणत होते. लॅबमध्ये प्लास्टरवाला एकदा दुपारभर ते लावून हसत बसला होता.

खारूच्या बाबांना हे बसमध्ये कळलं. ते शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. दुपारची वेळ, गाडी अर्धी भरलेली. मागच्या सीटवरून एकदम त्यांच्या लेकीचं हसणं ऐकू आलं. त्यांना वाटलं, भास झाला. मग पुन्हा तेच हसणं, पुन्हा, आणि त्यावर दोन-तीन पुरुषांचं हसणं. त्यांनी आरशात पाहिलं. कॉलेजची मुलं फोनवर डोकं घालून बसली होती. वेड्यासारखं, चाक सोडून मागे जावं असं त्यांना वाटलं. पुढचा थांबा आला, त्यांनी गाडी उभी केली, दारं उघडली, आणि मग त्यांना गाडी पुढे नेताच येईना. कंडक्टर पुढे आला, "काय झालं, साहेब? तब्येत?" लोक घड्याळं दाखवू लागले. डेपोतून दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत ते फुटपाथवर बसून राहिले. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा ते आवाज न करता रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्यांना असं बघितलं.

"मी त्याला सोडणार नाही," ते म्हणाले.

"कुणाला?" तिने विचारलं. "तो तर कोठडीत आहे. बाकीचे बसभर आहेत, अहो. कुणाकुणाला धराल?"

शाळेतही कळायचं ते कळलंच. मैत्रिणींना घरातलं नाव माहीत होतं, आणि खारू नाव काही फार जणींचं नसतं. खारू शाळेतून आली, दप्तर ठेवलं, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, मला आता त्या नावाने हाक मारू नका. कुणीच."

"अगं, पण ते आपलं..."

"आपलं नाहीये ते. वर्गातली मुलं बाकावर वाजवतात, खा-रू-ताई, आणि मग तसं हसतात. माझ्यासारखं." तिचा आवाज कोरडा होता. "मी अशी हसते का गं?"

 आईने लेकीला जवळ ओढलं. मनात मात्र एकच येत होतं: कोण कुठली माणसं, आणि त्यांनी माझ्या पोरीचं हसणं उष्टं करून टाकलं.

*

त्या दिवसापासून त्या घरात लेकीला तिच्या शाळेतल्या नावाने हाक मारू लागले. आईची जीभ अडखळायची, पण तिने ते नेटाने सांभाळलं. आणि तिने पुन्हा तक्रार केली. या वेळी क्लिपबद्दल. हा माझ्या अल्पवयीन मुलीचा आवाज आहे, तिला शाळेत त्रास होतोय, कृपा करून काढा. उत्तर आलं: 'हा व्हिडिओ सार्वजनिक चर्चेशी संबंधित असून त्यात आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलेलं नाही.'

मग तो रिॲक्शनवाला दारात आला. लोकांच्या व्हिडिओंवर स्वतःची तोंडं दाखवून नाव कमावलेला, गोरागोमटा, नम्र माणूस. पत्ता कुठून मिळाला विचारलं, तर म्हणाला, "काकू, आमचे फॉलोअर्स खूप हुशार आहेत."

"काय हवंय तुम्हाला?"

"न्याय, काकू. तुमच्या मुलीला न्याय." त्याने छातीवर हात ठेवला. "पंधरा मिनिटं बोलू द्या तिला माझ्याशी. चेहरा झाकू, आवाज बदलू. लोकांना खरं काय ते कळलं पाहिजे. फक्त एक आहे, ती रडली तर रडू द्या, मध्ये थांबवू नका. लोकांपर्यंत पोचतं ते."

खारूच्या आईने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या शर्टाच्या खिशाला बारीक माइक लावलेला होता आणि त्यावरचा दिवा जळत होता.

"हे चालू आहे?"

"तसं काही नाही, काकू, सवयीने..."

तिने दार लावून घेतलं. मग हात धुतले. त्याने तिला हातही लावला नव्हता, तरी साबण लावून दोनदा धुतले. आत लेकीने विचारलं, "कोण होतं?" तर ती म्हणाली, "विकणारा होता कुणीतरी." आणि तिला वाटलं, आपण खोटं काही बोललो नाही.

इकडे वर्तमानपत्रांनी कंपनीला धारेवर धरलं होतं. तेव्हा कंपनीने निवेदन काढलं की मुलांची सुरक्षितता हे आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे आणि या घटनेने आम्ही हादरून गेलो आहोत. शिवाय जुन्या तक्रारदार पालकांशी 'संवाद' साधायचं ठरवलं. त्यात खारूच्या आईचाही नंबर लागला. कंपनीच्या एका बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मागे काचेची भिंत, हिरवीगार कुंडी, गोड आवाज.

"सर्वप्रथम, आपल्या कुटुंबाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत," बाई म्हणाल्या. "आपल्या भावना आम्ही समजू शकतो."

"मी तेव्हा दोनदा तक्रार केली होती. दोन्ही वेळा कुणी वाचली होती ती?"

"आमच्याकडे तपासणीची बहुस्तरीय यंत्रणा आहे."

"म्हणजे माणसाने वाचली की नाही?"

बाईंनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. "त्या तपशिलात मला जाता येणार नाही. पण एक गोष्ट लक्षात आणून देते, खातं उघडताना मुलीचं वय अठराच्या वर भरलेलं होतं. त्यामुळे यंत्रणेला ती लहान आहे हे कळायला मार्ग नव्हता."

"अच्छा." खारूची आई जरा पुढे सरकली. "मग तिला त्या ॲपवर बाहुल्यांच्या, रंगपेट्यांच्या, पाचवीच्या गणिताच्या शिकवण्यांच्या जाहिराती कशा दिसायच्या? अठराच्या वरच्या बाईला कुणी पाचवीचं गणित विकतं का? जाहिरात दाखवायला तिचं वय बरोबर कळत होतं तुम्हाला. तो माणूस तिला मेसेज करत होता तेव्हा एकदम कळेनासं झालं?"

 बाईंचं हसू जागचं हललं नाही, पण त्याच्या मागून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं.

"आपला मुद्दा मी नोंदवून घेते. आणि आमच्याकडून एक छोटीशी भेट म्हणून आपल्या मुलीला आम्ही वर्षभराचं खास सभासदत्व मोफत देऊ इच्छितो. नावापुढे सोनेरी चांदणी येते. मुलांना फार आवडते ती."

"काय?"

"सोनेरी चांदणी."

 खारूच्या आईने फोन उपडा ठेवला. त्यातून बाईंचा आवाज येतच राहिला, "हॅलो? मॅडम, आपला आवाज येत नाहीये."

*

रविवारी मामा आला. तो बरेच दिवस कामासाठी परगावी होता, त्याला नीट काहीच माहीत नव्हतं. त्याच्या ताईने त्याला सगळं सांगितलं आणि ती क्लिप दाखवली. भाची आत झोपली होती, म्हणून आवाज अगदी बारीक ठेवला. मामा ऐकत होता. दादाचं ते वाक्य येण्याआधीच त्याने फोन तिच्या हातातून घेतला आणि कानाला लावला.

"ताई, मागे माझी धून वाजतेय."

"हो. तुझीच लावली होती तिने. का रे?"

"मी ती माझ्या नावावर नोंदवलीय. जाहिरातवाले चोरतात म्हणून मी सगळ्याच धुना नोंदवून ठेवतो." तो तिच्याकडे बघत राहिला. "मालक मी आहे, ताई. माझ्या परवानगीशिवाय कुणाला ती वाजवता येत नाही."

त्याने लॅपटॉप उघडला. कंपनीच्याच साइटवर संगीताच्या मालकांसाठी वेगळं पान होतं, अगदी ठळक, अगदी सोपं. कुठे माहिती भरायची, कुठे धून चढवायची, सगळं हाताला धरून शिकवल्यासारखं. मुलांबद्दल तक्रार करायचं पान सापडायला खारूच्या आईला अर्धा दिवस लागला होता. मामाने धून चढवली, मालकी सांगितली आणि बटण दाबलं.

ताईने चहा टाकला. चहा कपात ओतेपर्यंत उत्तर आलं. 'आपल्या मालकीचा आशय आढळलेले सर्व व्हिडिओ हटवण्यात आले आहेत. आपल्या हक्कांचं रक्षण ही आमची जबाबदारी आहे.'

ती फोनवर शोधू लागली. लाल गोलाची क्लिप नाही. संथ केलेली नाही. मांजरीची, म्हाताऱ्यांची, मंत्र्यांची, सगळ्या गेल्या. आवाज चिरका करून टाकलेली होती, तीही गेली. जिथे जिथे होतं, तिथे तिथे आता करडी चौकट: हा व्हिडिओ उपलब्ध नाही, आणि खाली बारीक अक्षरांत मामाचं नाव.

"झालं!" मामाने टेबलावर थाप मारली. "झालं, ताई!"

पण ताईचा चेहरा बघून तो थांबला. ती खाली बसली होती, कप तिच्या हातात तसाच.

"म्हणजे ऐकू येत होतं त्यांना," ती म्हणाली. "तिच्या आवाजाच्या मागे कुठेतरी बारीकशी तुझी पेटी वाजतेय, ती त्यांच्या यंत्राला ओळखू आली. चिरकी केली तरी ओळखू आली. आणि मी माझ्या पोरीचं वय लिहिलं, मेसेजचे फोटो दिले, हात जोडले, तेव्हा काही आढळलं नाही."

"अगं, पण निघाली ना..."

"तुझ्या धुनेसाठी निघाली रे. तिच्यासाठी नाही."

 चहावर साय धरली. दोघांपैकी कुणीच तो प्यायलं नाही.

संध्याकाळपर्यंत वेगळाच तमाशा उभा राहिला. पुरावा गायब झाला म्हणून लोक खवळले, आणि कुणाच्या तक्रारीवरून काढला हे करड्या चौकटीखाली लिहिलेलंच होतं. तो रिॲक्शनवाला डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "हा संगीतकार कोण? टोळीदादाला कोण वाचवतंय?" झालं. लोकांनी मामाला शिव्यांची लाखोली वाहिली. त्याच्या बायकोचे फोटो शोधून काढले. टोळीदादाच्या उरल्यासुरल्या भक्तांनी त्याचे आभार मानले, ते तर शिव्यांहून वाईट. मामाने खरं सांगायचं ठरवलं तर एकच सांगावं लागलं असतं: ती माझी भाची आहे. तो गप्प राहिला. त्याच्या दोन जाहिराती हातच्या गेल्या, तरी त्याने तोंड उघडलं नाही.

लॅबमध्ये प्लास्टरवाला म्हणाला, "बघा काकू, मोठी माणसं कशी सांभाळून घेतात एकमेकांना."

खारूच्या आईने हातातली सुरी खाली ठेवली. "ती माझी मुलगी होती," ती म्हणाली.

"कोण?"

"क्लिपमधली. ज्या हसण्यावर तू दुपारभर हसत होतास, ते माझ्या मुलीचं आहे. आणि तो संगीतकार माझा भाऊ."

पॉलिशचं चाक थांबलं.  काकू उठल्या, दोन पावलं पुढे आल्या, आणि परत जाऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी त्या दिवशी ते... झोपा काढत होते म्हणाले."

"म्हणालात."

 प्लास्टरवाल्याने नंतर कधीतरी माफी मागितली, पण खारूची आई त्याच्याशी कामापुरतंच बोलत राहिली.

*

टोळीदादावरचा तपास आता एका अधिकारी बाईंकडे आला होता. त्या साध्या कपड्यांत बसायच्या आणि मुलींचे जबाब स्वतः घ्यायच्या. आईबाबांनी लेकीला विचारलं, तुला जायचंय का? आमची जबरदस्ती नाही. तिने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "जाते. पण आत तुम्ही कुणी नको. तुम्ही रडाल."

दार अर्धवट लोटलेलं होतं, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्या आईला सुरुवातीचं बोलणं ऐकू आलं.

"तुम्ही पण ती क्लिप बघितली होती?" लेकीने विचारलं.

 "बघितली," अधिकारी बाई म्हणाल्या. "केस माझ्याकडे यायच्या आधी, घरी. बहिणीने पाठवली होती."

"हसलात?"

"नाही हसले. पण पुढे पाठवली. ते चुकलंच माझं."

 मग लेक म्हणाली, "बरं. सांगते." आणि आतून कुणीतरी दार लावून घेतलं.

बाकावर आणखीही आईबाप होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांनी जणू एकाच दवाखान्यात एकाच लाजिरवाण्या आजारासाठी नंबर लावला होता. शेवटी एक वडील, गॅरेजवाले असावेत, नखांत काळं ग्रीस बसलेलं, आपणहून बोलले. "आम्ही मागच्या वर्षीच कळवलं होतं कंपनीला."

"आम्हीही," कोपऱ्यातली एक बाई म्हणाली.

"नियमांचं उल्लंघन आढळलं नाही?" खारूच्या बाबांनी विचारलं.

"आढळलेलं नाही," गॅरेजवाले म्हणाले, आणि हसावं की शिवी द्यावी हे न कळून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

लेक बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चालणं मोकळं होतं. "त्यांनी मला मध्ये एकदाही अडवलं नाही," ती म्हणाली. "आई, भूक लागलीय."

"बाबांबरोबर खाली जाऊन खा काहीतरी. मी आलेच." आणि खारूची आई आत गेली.

"मला आणखी एक तक्रार द्यायचीय," ती अधिकारी बाईंना म्हणाली. "त्या माणसाविरुद्ध नाही. कंपनीविरुद्ध."

अधिकारी बाईंनी खुर्चीत पाठ टेकली. "त्यांचे वकील बघितलेत का? वर्षं जातील, ताई. आणि हाती काय लागेल ते मी सांगू शकत नाही."

"जाऊ देत वर्षं."

मागे दारात गॅरेजवाले येऊन उभे राहिले होते. कोपऱ्यातली बाईही.

टोळीदादाला शिक्षा झाली, तुलनेने लवकर झाली, आणि तोवर लोक त्याला विसरूनही गेले होते. तो रिॲक्शनवाला दुसऱ्या कुणाच्यातरी मागे लागला होता. कंपनीविरुद्धचं प्रकरण मात्र रखडत रखडत कोर्टात उभं राहिलं. कंपनीच्या वकिलाने चांगला तासभर युक्तिवाद केला. शेवटी कागद वर धरून तो वाचू लागला, "कंपनी केवळ एक जागा उपलब्ध करून देते. त्या जागेत कोण कुणाशी काय बोलतं, यावर लक्ष ठेवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही."

"शी!"

अख्ख्या कोर्टात ते ऐकू गेलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "कोण बोललं?"

खारूची आई उभी राहिली. बाबांनी तिचा हात धरून खाली ओढायचा प्रयत्न केला, तिने तो सोडवून घेतला. "मी."

"इथे असं बोलता येत नाही, बाई."

"कळलं, साहेब. तोंडातून निघून गेलं."

"बसा." न्यायाधीशांनी पुन्हा चष्मा लावला आणि समोरची कागदपत्रं चाळून एक पान काढलं. मामाच्या धुनेबद्दल कंपनीने पाठवलेलं उत्तर होतं ते. मग ते वकिलाकडे वळले. "तुमचं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. तांत्रिकदृष्ट्या काय शक्य नाही म्हणालात? सावकाश वाचा. घाई नाही."